जठरातला जंतू, न शमणारा दाह आणि कर्करोग: बायोप्सी वाचणाऱ्या डॉक्टरचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं वय ५८. बरेच महिने पोटाच्या वरच्या भागात जळजळ होती म्हणून एंडोस्कोपी केली. बायोप्सीच्या रिपोर्टवर लिहून आलं, ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी आढळले, अँट्रममध्ये फोकल इंटेस्टायनल मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया नाही’. डॉक्टरांनी चौदा दिवसांची औषधं दिली आणि जाता जाता म्हणाले, हा जंतू पुढे कॅन्सरलाही कारण ठरू शकतो. तेव्हापासून घरात कुणाचं चित्त थाऱ्यावर नाही. जंतूमुळे कॅन्सर होतो तरी कसा, औषध घेतलं की धोका संपतो का, आणि आम्हा भावंडांनी तपासणी करून घ्यावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जठराचे असे इवलेसे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हेच माझं रोजचं काम, आणि त्याला आता तीसेक वर्षं होत आली. म्हणून आधी रिपोर्टबद्दल बोलतो. या रिपोर्टमध्ये कर्करोग नाही. डिस्प्लेशिया म्हणजे पेशींची ठेवण कर्करोगाच्या दिशेने बिघडणं. ‘डिस्प्लेशिया नाही’ हे शब्द शेवटी येतात म्हणून वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतात, पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे शब्द तेच आहेत. नेदरलँड्समध्ये देशभरातल्या बायोप्सींच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास झाला होता. इंटेस्टायनल मेटाप्लेशिया (जठरात आतड्यासारखं अस्तर उगवणं) असलेल्यांपैकी वर्षाला साधारण ०.२५ टक्के लोकांना जठराचा कर्करोग झाला, म्हणजे हजारात दोन-तीन जणांना. तीव्र डिस्प्लेशिया असलेल्यांत हाच आकडा ६ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की वडील आज कुठे उभे आहेत ते कळेल.

गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या अस्तराचा दाह. आता त्याआधीचे ‘क्रॉनिक ॲक्टिव्ह’ हे दोन शब्द. आम्ही ते इतक्या सवयीने लिहितो की कुणी अर्थ विचारत नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांतच आहे.

बोट कापलं तर काय होतं ते आठवा. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू गिळायचे, त्यांच्यावर जहाल रसायनं सोडायची आणि एक-दोन दिवसांत मरून जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्यांच्यामागून लिम्फोसाइट आणि इतर पेशी येतात, साफसफाई होते, नवी कातडी धरते आणि सगळे परत जातात. आठवड्याभरात दाह संपतो. न्यूट्रोफिल दिसले की आम्ही ‘ॲक्टिव्ह’ लिहितो. लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी ठाण मांडून बसलेल्या दिसल्या की ‘क्रॉनिक’. वडिलांच्या जठरात दोन्ही एकाच वेळी आहेत. पहिली फळी अजून रोज नव्याने येते आहे आणि दुसरी फळी कधी परत गेलेलीच नाही. हा जंतू बहुतेकांच्या पोटात लहानपणी, बहुधा घरातल्याच कुणाकडून शिरतो आणि औषध न दिल्यास आयुष्यभर राहतो. तेव्हा ही लढाई बहुधा पन्नासेक वर्षं चालू असणार, आणि त्यातली बहुतेक वर्षं वडिलांना काही जाणवलंही नसेल.

लढाई संपत का नाही? कारण जंतू जिथे आहे तिथे शरीराची फौज पोहोचतच नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा मळसूत्रासारखा वाकडा, शेपट्या असलेला जंतू. तो युरिएज नावाचं एन्झाइम भरपूर बनवतो. त्याने युरियाचं विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि जंतूभोवतीचं आम्ल तेवढ्यापुरतं मवाळ होतं. तेवढ्या सवलतीत तो अस्तरावरच्या चिकट श्लेष्म्यात घुसतो. बरेचसे जंतू त्या श्लेष्म्यातच पोहत राहतात, काही पेशींना चिकटतात. पांढऱ्या पेशी मात्र अस्तराच्या आत, ऊतीमध्ये असतात. त्या जी रसायनं सोडतात ती जंतूवर जेवढी पडतात त्याहून जास्त आपल्याच अस्तरावर पडतात. शिवाय ती रसायनं निकामी करणारी एन्झाइम जंतूकडे आहेतच. मला जेव्हा ग्रंथींच्या भिंतीत घुसलेले न्यूट्रोफिल दिसतात आणि वर श्लेष्म्यात जिम्सा रंगाने निळे झालेले जंतू सुखाने बसलेले दिसतात, तेव्हा हा सगळा प्रकार एका दृष्टिक्षेपात समोर असतो.

ही रसायनं म्हणजे ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे अतिक्रियाशील रेणू. ते डीएनएमधल्या ग्वानिन या अक्षराला ऑक्सिडाइझ करतात. असं बिघडलेलं ग्वानिन पेशी विभागताना चुकीची जोडी जमवतं, सायटोसिनऐवजी ॲडेनिनशी. ती चूक वेळेत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या पेशीत कायमची होते. एखादी चूक काहीच करत नाही. पेशी मरते किंवा झडून जाते. जठराच्या पृष्ठभागावरच्या पेशी तशाही काही दिवसांत बदलतात. पण ग्रंथींत खोल बसलेल्या मूळपेशी झडत नाहीत, त्या तिथेच राहून नव्या पेशी पुरवत राहतात. दाहामुळे वरच्या पेशी जास्त मरतात, म्हणून मूळपेशींना जास्त वेळा विभागावं लागतं. एकीकडे डीएनएवर मारा, दुसरीकडे त्याच डीएनएची घाईघाईने नक्कल. पन्नास वर्षं असं चाललं तर एखाद्या मूळपेशीत एकावर एक चुका साचणं फार आश्चर्याचं नाही.

चुका फक्त अपघाताने होतात असंही नाही. आपल्या शरीरात एआयडी नावाचं एक एन्झाइम आहे, ज्याचं कामच डीएनएमध्ये बदल करण्याचं आहे. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींत ते हवं असतं, तिथे त्याच्यामुळे नवनवी प्रतिपिंडं घडतात. जठराच्या अस्तरात ते एरवी नसतं. २००७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की या जंतूचा संसर्ग आणि दाह यांमुळे अस्तराच्या पेशींतही ते जागं होतं आणि पी-५३ या रक्षक जनुकात बदल घडवू शकतं. दाहाचा आणखी एक परिणाम म्हणजे जनुकांवर मिथाइल या रासायनिक गटाचे ठसे बसून ती मुकी होणं. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन ज्या जनुकातून बनतं, तेही असंच गप्प होऊ शकतं. जंतू गेल्यावर हे ठसे कमी होतात, पण सगळे पुसले जात नाहीत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंतूचा स्वतःचा हात त्यात अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. त्याच्या काही जातींकडे इंजेक्शनच्या सुईसारखी एक यंत्रणा असते. तिच्यातून तो कॅग-ए नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतो. आत गेल्यावर हे प्रथिन पेशीच्या वाढीचे संदेश बिघडवतं, शेजारच्या पेशींशी असलेले सांधे सैल करतं आणि दाहाचा भडका वाढवतं. पूर्व आशियात आढळणारा कॅग-एचा प्रकार जास्त ताकदवान आहे आणि जठराचा कर्करोगही तिथेच जास्त आहे. पण जंतू तोच असूनही माणसामाणसांत फरक पडतो. २००० साली इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशकाबद्दल महत्त्वाचं संशोधन प्रसिद्ध झालं: हा संदेशक जास्त बनवणारी जनुकं असलेल्या लोकांत संसर्गानंतर कर्करोगाचा धोका अधिक होता. हा संदेशक दाह तर वाढवतोच, शिवाय आम्ल बनणं जोरात दाबतो.

आम्ल कमी होणं चांगलंच, असं तुम्हाला वाटेल. माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला तसंच वाटतं. इथेच खरी खोच आहे.

दाह जठराच्या शेवटच्या भागापुरता, म्हणजे अँट्रमपुरता राहिला तर आम्ल उलट वाढतं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर (ड्युओडेनल अल्सर) होतो. तो दुखतो, कधी रक्तस्राव करतो, पण अशा माणसाला जठराचा कर्करोग क्वचितच होतो. दाह वर, जठराच्या मुख्य भागात पसरला तर आम्ल बनवणाऱ्या ग्रंथीच हळूहळू नाहीशा होतात. याला ॲट्रोफी म्हणतात. या माणसाला बहुतेकदा काहीच दुखत नाही. कर्करोगाचा रस्ता मात्र याच शांत पोटातून जातो. जपानमध्ये नाओमी उएमुरा आणि सहकाऱ्यांनी १,५२६ जणांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं आणि निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध केले. संसर्ग असलेल्या १,२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला; संसर्ग नसलेल्या २८० जणांत एकालाही नाही. आणि ज्यांना ड्युओडेनल अल्सर होता त्यांच्यातही एकालाही नाही. म्हणून दुखणं किती आहे यावरून धोका ठरवू नका.

ॲट्रोफीनंतरची पायरी म्हणजे वडिलांच्या रिपोर्टमधला इंटेस्टायनल मेटाप्लेशिया. जठराचं अस्तर वारंवार उद्ध्वस्त होतं तेव्हा कधीकधी त्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं. काचेवर हे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत: आतड्यात असतात तशा घटाच्या आकाराच्या, श्लेष्म्याने फुगलेल्या पेशी जठरात दिसू लागतात. कोलंबियातल्या लोकांचा अभ्यास करून पेलायो कोरेआ यांनी १९७५ मध्ये ही साखळी मांडली, आणि पुढे तिच्यात भर घातली: साधा दाह, मग ॲट्रोफी, मग मेटाप्लेशिया, मग डिस्प्लेशिया, मग कर्करोग. सुरुवातीच्या पायऱ्यांवरून बहुसंख्य लोक पुढे जात नाहीत, तिथेच थांबतात. (जठराच्या कर्करोगाचा दुसरा, विखुरलेला प्रकार या पायऱ्या नीट पाळत नाही, पण तुमच्या रिपोर्टशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो.)

या साखळीत एक गोष्ट अशी घडते, जिने सुरुवातीच्या काळात भल्याभल्यांना चकवलं. ॲट्रोफी वाढून आम्ल फारच कमी झालं की हेलिकोबॅक्टरलाच तिथे राहता येत नाही. तो विरळ होतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. त्याच्या जागी एरवी आम्लात मेले असते असे दुसरे जंतू वाढतात, आणि त्यांच्यापैकी काही नायट्राइटपासून कर्करोगजनक नायट्रोसो संयुगं बनवतात. कर्करोग झालेल्या माणसाच्या बायोप्सीत अनेकदा मला एकही हेलिकोबॅक्टर सापडत नाही. मग यात त्याचा संबंध कसा म्हणायचा? उत्तर मिळालं ते वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेल्या रक्तातून. हवाईमध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन पुरुषांचं रक्त १९६७ ते १९७० मध्ये साठवलं होतं. पुढे त्यांतल्या ज्या १०९ जणांना जठराचा कर्करोग झाला त्यांच्यापैकी ९४ टक्क्यांच्या जुन्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी पुरुषांत ७६ टक्के. हा अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला; त्याच वर्षी आणखी दोन अभ्यासांनी असंच दाखवलं. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पहिल्या गटातलं, म्हणजे निश्चित कर्करोगजनक ठरवलं.

इथे मला रॉबिन वॉरन यांची आठवण येते. तेही पॅथॉलॉजिस्टच. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये त्यांना दाह असलेल्या जठराच्या बायोप्सीत वाकडे जंतू दिसले. आम्लात जंतू जगत नाहीत हे तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने त्यांना साथ दिली. प्रयोगशाळेत तो जंतू वाढत नव्हता. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि तो उगवला. १९८४ मध्ये मार्शल स्वतः त्या जंतूंचं मिश्रण प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या जठरात दाह झाल्याचं बायोप्सीत दिसलं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. वॉरन यांना दिसले ते जंतू त्यांच्या आधीही अनेकांच्या काचेवर होतेच. आपल्याला रोज दिसतं त्याकडे पुन्हा पाहावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि आमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

दाह हाच मुख्य दुवा आहे याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा कर्करोगाच्या एका वेगळ्या जातीत आहे. जठरात एरवी लिम्फोसाइटचे समूह नसतात. या जंतूमुळे ते जमतात, आणि क्वचित त्यांच्यातूनच माल्ट लिम्फोमा नावाचा सौम्य गतीचा कर्करोग होतो. १९९३ मध्ये लंडनमधल्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांना फक्त जंतूविरुद्ध प्रतिजैविकं दिली. पाच जणांचा लिम्फोमा विरून गेला. जंतू गेला, त्याने चेतवलेला दाह गेला, आणि त्या दाहावर पोसलेल्या गाठीचा आधार गेला. आजही सुरुवातीच्या अवस्थेत हाच पहिला उपचार आहे.

मग वडिलांचा धोका औषधाने संपेल का? कमी होईल, संपणार नाही. चीनमधल्या एका चाचणीत १,६३० जणांना जंतूनाशक उपचार किंवा औषधाविना गोळ्या देऊन साडेसात वर्षं पाहिलं. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर फरक ठोस नव्हता: ७ विरुद्ध ११ कर्करोग. पण सुरुवातीला ॲट्रोफी, मेटाप्लेशिया, डिस्प्लेशिया यांपैकी काहीच नव्हतं अशांना वेगळं काढलं तेव्हा उपचार घेतलेल्यांत एकही कर्करोग नव्हता आणि न घेतलेल्यांत सहा होते. लवकर उपचार केला तर फायदा सर्वाधिक, हे त्यातून स्पष्ट झालं. बऱ्याच डॉक्टरांनी तेव्हा असाही अर्थ काढला की मेटाप्लेशिया झाला की उपचार निरुपयोगी. ते चूक होतं. २०१८ मध्ये कोरियातून आलेल्या अभ्यासात तर सुरुवातीचा कर्करोग एंडोस्कोपीने काढून टाकलेले रुग्ण होते, म्हणजे तुमच्या वडिलांपेक्षा कितीतरी पुढे गेलेले. जंतूवर उपचार झालेल्यांपैकी ७.२ टक्क्यांना पुन्हा नवा कर्करोग झाला, न झालेल्यांपैकी १३.४ टक्क्यांना. उशिरानेही धोका जवळपास निम्मा झाला. मेटाप्लेशिया मात्र बहुधा तिथेच राहील, आणि मघाशी म्हटलेले मिथाइलचे ठसेही काही प्रमाणात राहतील. त्यामुळे उपचारानंतर नजर ठेवावी लागते की नाही, हे तो किती पसरलाय यावर ठरतं. फक्त अँट्रममध्ये एखाद-दुसऱ्या ठिकाणी असेल आणि घरात कुणाला जठराचा कर्करोग झालेला नसेल तर बहुतेक मार्गदर्शक सूचना नियमित एंडोस्कोपी सांगत नाहीत. जठराच्या मुख्य भागातही पसरला असेल तर साधारण दर तीन वर्षांनी करावी.

चौदा दिवसांचा कोर्स अर्धवट सोडू नका. तोंड कडू होतं, मळमळतं, आणि बरं वाटू लागलं की लोक गोळ्या थांबवतात. या जंतूत प्रतिजैविकांना दाद न देणारे प्रकार वाढत चाललेत, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिनला, आणि अर्धवट उपचाराने तेच उरतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू खरंच गेला का हे श्वासाच्या युरिया चाचणीने किंवा शौचाच्या अँटिजन चाचणीने तपासायलाच हवं. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्या बंद ठेवा, नाहीतर जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. गोळ्या कधी बंद करायच्या हे डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी यासाठी चालत नाही. जंतू गेल्यावरही प्रतिपिंडं बराच काळ राहतात. ही फेरतपासणी इतकी वेळा राहून जाते की मला त्याचं खरंच वाईट वाटतं. दोन-तीन वर्षांनी त्याच माणसाचा तुकडा पुन्हा माझ्याकडे येतो, तेच जंतू, तोच दाह, आणि घरच्यांची समजूत अशी की उपचार तर कधीच झाला.

जळजळीसाठी वर्षानुवर्षं नुसत्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत राहणं हे याहूनही वाईट. जंतू असताना त्या दीर्घकाळ घेतल्या तर दाह अँट्रममधून वर, मुख्य भागाकडे सरकू शकतो. त्या गोळ्या वाईट नाहीत, पण कायम घ्यायच्या असतील तर आधी जंतू तपासून घालवावा.

तुम्हा भावंडांनी तपासणी जरूर करा, लक्षणं नसली तरी. एका घरात वाढलेल्यांत संसर्ग बऱ्याचदा सामाईक असतो, आणि तुमच्या वयात अस्तर बहुधा अजून शाबूत असेल. उपचाराचा सर्वाधिक फायदा होतो तो याच टप्प्यावर. कोरियातच जठराचा कर्करोग झालेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांवर झालेल्या चाचणीत, सुमारे नऊ वर्षांत, उपचार मिळालेल्यांपैकी १.२ टक्क्यांना कर्करोग झाला आणि न मिळालेल्यांपैकी २.७ टक्क्यांना. तरुण असाल आणि धोक्याची लक्षणं नसतील तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी पुरेशी आहे, एंडोस्कोपीची गरज नाही. वजन घटणं, गिळताना अडकणं, सतत उलट्या, काळी शौच, कारण न सापडणारा रक्तक्षय यांपैकी काही असेल तर मात्र एंडोस्कोपीच करावी. घरातल्या लहान मुलांची, त्यांना काही त्रास नसेल तर, उगाच तपासणी करू नका. धूम्रपान कुणी करत असेल तर ते थांबवा, आणि खूप खारवलेलं अन्न कमी करा; दोन्हींमुळे हाच रस्ता लवकर कापला जातो.

शेवटी एक विनंती, माझ्या टेबलावरून. फक्त अँट्रममधला तुकडा घेतला असेल तर वर मुख्य भागात काय चाललंय ते कुणालाच माहीत नाही, आणि धोका तर तिथल्या अस्तरावरून ठरतो. वडिलांच्या रिपोर्टच्या वरच्या भागात किती तुकडे आले आणि कुठून घेतले ते लिहिलेलं असेल, ते पाहा. फक्त अँट्रम लिहिलं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की मुख्य भागाचीही बायोप्सी घ्यायची का, आणि घेतली तर अँट्रमचे आणि मुख्य भागाचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवायला सांगा. एकाच बाटलीत आले तर मेटाप्लेशिया कुठला आहे हे मला खात्रीने सांगता येत नाही.